गोजराबाईंची दाढ राखिली त्याची हकीकत

श्रीकुलदेवतेची आण, पुढील अक्षर न् अक्षर खरें. खोटें निघाल्यास माझा उरलासुरला सुळाही गळो. शके सतराशें एकावन्न, विरोधी नाम संवत्सर, चैत्रमासीं एके राज्यीं तुळाजीराजे राज्य करीत होते. तेथील चाल ऐसी, कीं राजघराण्यांतील पोराचा दात पडतांच दूर्वांखालीं पुरावा आणि तोफेची सलामी द्यावी. राजकन्या गोजराबाईंस सातवें लागलें आणि दुधाच्या दातांमागें दाढ उगवली, आणि तिच्या खांचांत चिक्की जाऊन बसूं लागली. मग दरबारी म्हणाले, दुधाचीच दाढ, किडली तर किडो, पडली कीं नवी येईल. खळगा खणोन ठेविला आणि तोफ ठासोन ठेविली. राजे मात्र उदास जाहले. त्यांचीही ऐसीच दाढ लहानपणीं किडली, उपटली, पुरली, सलामी जाहली, आणि नवीची वाट पाहतां पाहतां मिशा पिकल्या. भाकर उजव्याच अंगानें चावीत. मग त्यांनीं शेजारमुलखीं पालखी धाडोन दांतांच्या वैद्य सोनाक्का आणविल्या. आक्कांनीं तोंड पाहिलें आणि पुसिलें, "सरकार, या जागीं आधीं दाढ होती?" राजे म्हणाले, "नव्हती." "मग ही दुधाची कशी? ही कायमची. गेली कीं गेली." राजे गालास हात लावोन बसले, मग म्हणाले, "आक्का, माझी गेली. पोरीची राखा."

मग गोजराबाई तोंड मिटोन बसल्या, दुखेल म्हणों लागल्या. आक्का म्हणाल्या, "दुखलं तर माझं बोट चावा, चांगलं कडकडून." लगेच तोंड उघडलें. आक्कांनीं दाढ घासली, धुतली, कोरडी केली, आणि घासणीचा केंसही शिरेना अशा खांचांत पातळ लेप सोडोन वरून निळा दिवा धरिला, तों लेप दगडासारखा घट्ट जाहला. बोट शाबूत राहिलें म्हणोन गोजराबाई अंमळ हिरमुसल्या. आक्कांनीं बजाविलें, लेप म्हणजे तट; पहारा तुमचा. दोन वेळां घासणें, आणि लेप उडाला काय तें दाखवीत जाणें. राजांनीं खळगा बुजविला.

पुढें गोजराबाईंच्या लग्नीं रुखवतांतला लाडू आला, जो पाट्यावरही फुटेना, तो त्यांनीं त्याच दाढेनें फोडिला. आवाज राजांच्या पानापर्यंत गेला. राजांनीं घास खालीं ठेविला, डोळे पुसिले, आणि आक्कांच्या दारीं अंबारीसह हत्ती धाडिला.

ऐसी दाढ राहिली, राज्य आक्कांचें ऋणी जाहलें. आतां शपथ घेतली म्हणोन सांगतें, हत्ती पदरचा घातला. राजे स्वतःच पायीं गेले, आणि पागोटें मांडीवर घेऊन आक्कांच्या पायरीवर बसोन राहिले.