वाऱ्याचा आदर्श पाठ

हवा कोणाच्याही परवानगीवाचून वाहते, असं विज्ञान मानतं. विज्ञानाने शाळेत नोकरी केलेली नाही.

आमच्या विज्ञानाच्या बाईंनी केली होती, पण हंगामी. कायम व्हायचं तर तपासनीस साहेबांपुढे एक आदर्श पाठ द्यायचा होता. नापसंत पडला तर नवीन वर्षी नवीन बाई. विषय आला 'वारा कसा तयार होतो', आणि बाई खूश झाल्या. कागद गोल गोल कापून वेटोळ्यांचा साप करायचा, दोऱ्याने टांगायचा आणि खाली मेणबत्ती लावायची. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी आजूबाजूची थंड हवा येते आणि साप गरगर फिरतो. हेच मोठ्या प्रमाणावर झालं की त्याला वारा म्हणतात. पोरांना एका तासात कळलं असतं.

"मेणबत्ती? म्हणजे पेटवलेली?" मुख्याध्यापकांनी चष्मा काढला.

"न पेटवता कशी चालेल, सर?"

"वर्गात ज्वालेला बंदी आहे, बाई. कुठल्याशा शाळेत पडदा पेटला होता."

"पण आपल्या वर्गाला पडदेच नाहीत."

"नियम तर आहे ना?"

संध्याकाळी त्यांनी स्वतः बाजारातून बॅटरीवर चालणारी मेणबत्ती आणली. हुबेहूब. लुकलुकायचीसुद्धा.

"सर, ही गरम होत नाही."

"म्हणून तर आणली."

रंगीत तालमीत साप फिरला, पण खिडकीतून आलेल्या झुळकीने. मुख्याध्यापक गंभीर झाले. वाऱ्याच्या पाठात बाहेरचा वारा शिरला तर निष्कर्ष दूषित होतो, हे त्यांनी बाईंना समजावून सांगितलं. खिडक्या बंद करून फटींवर चिकटपट्टी लावण्यात आली. पंख्यांची बटणंही बंद झाली. आता निष्कर्ष शुद्ध होता. साप जागचा हलेना.

"बाई, हा मेलाय का?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

तेव्हा पीटीच्या सरांना आणण्यात आलं. बाई "उष्ण हवा वर जाते" असं म्हणाल्या की सरांनी मागून पुठ्ठ्याने वारा घालायचा. सर दिसू नयेत म्हणून पडदा लावण्यात आला. ज्वालाबंदीच्या नियमालाही त्यामुळे एकदाचा अर्थ आला.

पाठाच्या दिवशी साहेब आले. त्यांच्यासोबत सहायक, सहायकांचे मदतनीस आणि शाळेची सगळी कार्यकारिणी. बंद खोलीत पोरं उकडून निघत होती, पण शिस्तीत. बाईंनी बटण दाबून मेणबत्ती लावली आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "उष्ण हवा वर जाते."

साप स्तब्ध.

"उष्ण हवा," बाईंनी पडद्याकडे पाहून आवाज चढवला, "वर जाते!"

पडद्याआडून फटफट आवाज येत होता. पुठ्ठा चालू होता. घामाघूम झालेले पीटीचे सर स्वतःलाच वारा घालत होते.

"काय होणं अपेक्षित आहे?" साहेब उठून टेबलाजवळ आले आणि मेणबत्ती निरखायला खाली वाकले. त्यांचं घामेजलेलं, लालबुंद टक्कल बरोबर सापाखाली आलं.

आणि साप हलला. आधी जरासा, मग सावकाश, आणि मग चांगला गोल फिरू लागला.

"बाई, फिरला!" पहिल्या बाकावरची मुलगी उभीच राहिली. "साहेबांच्या डोक्यावरची हवा गरम झाली, म्हणून फिरला! मेणबत्ती तर गारच आहे, मी हात लावून बघितलाय!"

साहेब सरळ उभे राहिले. साप थांबला. त्या मुलीने वाऱ्याचं सगळं शास्त्र एका दमात सांगितलं होतं. बाईंना फक्त "शाब्बास" म्हणायचं होतं. साहेब बाईंकडे पाहत होते, आणि त्यांच्या मागून मुख्याध्यापक दोन्ही हात जोडून.

"खाली बस, बाळा," बाई म्हणाल्या. "साप मेणबत्तीमुळे फिरला."

साहेबांचा चेहरा निवळला. पाठाला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला, बाई कायम झाल्या आणि बॅटरीची मेणबत्ती सगळ्या शाळांना सक्तीची झाली.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला, 'वारा कशामुळे निर्माण होतो?' सगळ्यांनी 'बॅटरीच्या मेणबत्तीमुळे' असं लिहिलं आणि पूर्ण गुण घेतले. एकाच मुलीने तापलेली हवा हलकी होऊन वर जाते वगैरे लिहिलं. बाईंनी थोडा वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि मग शून्य दिलं.

निकालानंतर तिचे आईबाबा बाईंना भेटायला आले. भांडायला आले असतील, असं बाईंना वाटलं.

"बाई, हिला समजतं सगळं, तीच तर पंचाईत आहे," आई कळवळून म्हणाली. "तुमच्याकडे शिकवणीला घ्याल का?"

बाईंनी घेतलं. तुम्हीही तुमच्या मुलांसाठी चौकशी करणार असाल, तर या वर्षीची बॅच भरली आहे.