हललेला फोटो, अडलेली पालखी

“आतून खिळखिळा झालायस तू! नाहीतर एवढ्या वर्षांत कधी असं झालं होतं का?”

राजश्री मागल्या पडवीत कोळंबी सोलत होती. खिडकीतून हे शब्द आले तशी तिच्या हातातली कोळंबी निसटली. हे कुणाला म्हणताहेत? तिनं मान उंचावून पाहिलं. माजघरात तिचे यजमान विनोदराव एकटेच उभे होते आणि जुन्या कॅमेऱ्याला फैलावर घेत होते. कॅमेरा बिचारा मुकाट ऐकून घेत होता. खरं ठाऊक असून गप्प बसणारा त्या घरात तो काही एकटाच नव्हता!

मांडवीतल्या त्या घरात एक अख्खी भिंत फोटोंची होती. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर येते, अंगणात नाचते, मग ओटी भरली की पालखीसोबत सगळ्या घराचा एक फोटो निघतो. दर वर्षी एक. आणि काढायचा तो विनोदरावांनीच. सारी हयात त्यांनी बोटीवर सुकाणू धरलं. दिवाळी हुको, वाढदिवस हुको, पण शिमग्याची सुट्टी ते कप्तानाच्या उरावर बसून मिळवायचे. फोटोची एक प्रत भिंतीवर, एक प्रत केबिनमध्ये उशाशी. आता रिटायर होऊन घरी आले, केबिन गेली, उशी राहिली. पण फोटोचा मान अजून त्यांचाच.

गेल्या वर्षीचा फोटो मात्र जरा निराळा निघाला. म्हणजे त्यात सगळ्यांना दोन-दोन नाकं होती! राजश्रीच्या सासूबाईंना, गंगुबाईंना, तर चांगले तीन डोळे होते. पालखी म्हणाल तर उतारावरून ब्रेक फेल होऊन निघालेल्या रिक्षासारखी.

“कॅमेरा म्हातारा झालाय, बाबा,” त्यांची लेक निशिगंधा लगेच म्हणाली होती.

“तर काय!” राजश्री म्हणाली.

“मेला जुना डबा!” गंगुबाई म्हणाल्या.

एवढ्या चटकन त्या घराचं आजवर कशावर म्हणून एकमत झालं नव्हतं.

खरी गोष्ट अशी की, विनोदरावांचा उजवा हात हलायचा. सकाळचा चहा घेतला की कप बशीवर असा किणकिणायचा की शेजाऱ्यांना आरतीची वेळ झाल्यासारखं वाटावं. मग एके दिवशी त्या घरातून बश्या गुपचूप नाहीशा झाल्या. कपाच्या जागी अर्धा भरलेला स्टीलचा पेला आला. राजश्रीला नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायची अचानक हौस आली. “या वयात?” असं गंगुबाईसुद्धा म्हणाल्या नाहीत, आणि त्या म्हणत नाहीत असं सहसा काही नसतं!

राजश्री एकदा स्वतःचं ब्लडप्रेशर तपासायला गेली तेव्हा डॉक्टरांना आडून विचारून आली होती. “एका ओळखीच्या माणसाचा हात हलतो.” डॉक्टर म्हणाले, “बहुतेक काळजीचं काही नसेल. पण ओळखीच्या माणसाला घेऊन तर या!” आता घेऊन जायचं म्हणजे आधी सांगायला हवं. ज्या हातांनी कुठल्या कुठल्या वादळांतून बोट आणली आणि हा माणूस दर वेळी धडधाकट दारात आणून उभा केला, त्या हातांना ‘तुम्ही हलता’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं? दर वेळी त्यांची बॅग दारात टेकली की ती देवापुढे साखर ठेवायची. अजूनही कधीकधी, ते नुसते भाजी घेऊन आले तरी, तिचा हात साखरेच्या डब्याकडे जायचा.

सांगायचं राहिलं. आणि एकदा सगळा दोष कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवल्यावर नवा कॅमेरा घेणं आलंच!

राजश्री काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. रोज दुपारी मोबाईलवर व्हिडिओ बघून तिनं कॅमेऱ्याचं शास्त्र असं कोळून प्यायलं की आमटी दोनदा करपली. त्यात तिला एक शब्द सापडला, स्टॅबिलायझर! हात हलला तरी फोटो हलू देत नाही असा आतला बंदोबस्त. तिला वाटलं, हा कुणी खास आपल्यासाठीच शोधून काढलाय. बस्स! न बोलता, न दुखवता, काम फत्ते!

“मी बरोबर असा कॅमेरा घेऊन देते की बघत राहा,” तिनं निशिगंधाला मुंबईला फोनवर सांगितलं. “त्यांना पत्तासुद्धा लागणार नाही!”

बाजारात नितेशचं दुकान होतं. नितेश बोलायला गोड, पण भलताच चौकस.

“काका, आधी गरज सांगा. कॅमेरा मी सांगतो.”

‘गरज’ म्हटल्याबरोबर राजश्री छताच्या पंख्याकडे बघायला लागली. विनोदराव मात्र तयारच होते. “झूम पाहिजे! मांडवीच्या जेटीवर उभं राहून लांबच्या बोटीचं नाव वाचता आलं पाहिजे.”

“आणि काकू, तुम्हाला?”

“मला...” राजश्रीनं आवाज खाली आणला. “हललं तरी चालेल असा.”

“काय हलणार, काकू?”

“पालखी! पालखी नाचवतात ना.”

“मग शटर स्पीड वाढवायचा, सोपं आहे.”

“तसं नाही हो. समजा, समोरचं नाही हलत. आपणच हलतोय. समजा, आपण होडीत उभे आहोत.”

“होडीतून काढायचेत? मग वॉटरप्रूफ पाहिजे!” नितेशनं पाणबुड्यांचा एक पिवळाधमक कॅमेरा काढून ठेवला.

“होडी नको. समजा, आपण एसटीत बसलोय. खड्ड्याखड्ड्यातून चाललीय.”

“असं होय!” नितेशनं हेल्मेटवर बसवायचा कॅमेरा काढला. “हा डोक्याला बांधा, काकू. हात मोकळे!”

विनोदराव बायकोकडे बघतच राहिले. “तुला पालखीचा फोटो होडीत बसून, डोक्याला कॅमेरा बांधून काढायचाय?”

शेवटी देवानंच नितेशच्या तोंडून बोलावं तसा तो म्हणाला, “काका म्हणतात तसा झूमवाला घ्या. त्यात स्टॅबिलायझर पण आहे.”

राजश्रीला त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडावीशी वाटली. कॅमेरा दुधी भोपळ्याएवढा होता, पण तिनं तो तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन घरी आणला. निघताना नितेशनं एक स्टँडही गळ्यात मारला. तीन पायांची लांब तिकाठी.

“ही कुणाला?” विनोदरावांनी विचारलं. “काठी टेकायचं वय झालं वाटतं माझं?”

“छे हो!” राजश्री घाईनं म्हणाली. “टॉवेल वाळत घालायला घेतली.”

एकदा म्हटलं म्हटल्यावर तिकाठीवर टॉवेल वाळत घालणं भाग होतं.

विनोदराव शिस्तीचे. त्यांनी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक पोथी वाचावी तसं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. राजश्री स्वयंपाकघरात गुणगुणत होती. एवढ्यात बाहेरून आवाज आला, “अगो, यात एक भलतंच दिलंय! हात हलत असेल तर म्हणे हे चालू ठेवा. आपल्याला काय उपयोग? उगाच बॅटरी खाणार. टाकलं बंद करून!”

राजश्रीच्या हातातला झारा कढईत पडला.

दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्यावर कॅमेऱ्याची परीक्षा झाली. विनोदरावांनी समुद्राचा फोटो काढला. त्यात क्षितिजं चार आली!

“वारा बघा किती सुटलाय!” राजश्री म्हणाली. वाऱ्याचं सोडा, सुरूच्या झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

घरी अंगणात गंगुबाईंचा फोटो काढला. गंगुबाई पुन्हा तीन डोळ्यांच्या.

“माजंच चुकलं रे बाबा,” त्या म्हणाल्या. “मी शिंकले.”

राजश्रीचा काढला. “मला हसू आलं हो.” शिमग्याला आलेल्या निशिगंधाचा काढला. “मी केस सारखे केले, बाबा.” दोष कुणी कुणावर ढकलावा, हे सगळ्या घरांत चालतं. या घरात मात्र दोष घेण्यासाठी रांग लागली! आणि विनोदरावांना ते सगळं खरं वाटायला लागलं.

“तुम्हाला कुणाला स्वस्थ उभंच राहता येत नाही!” ते कडाडले. “बोटीवर असं चालत नाही. पालखीच्या दिवशी कुणी हललं तर बघा!”

त्या दिवसापासून कॅमेरा दिसला की घरातली तिन्ही माणसं पोलिसांनी ‘हात वर’ म्हटल्यासारखी ताठ व्हायची. गंगुबाई तर एकदा तोंडातल्या विड्यासकट तशाच राहिल्या. राजश्रीनं दोनदा चोरून कॅमेऱ्यातला तो बंदोबस्त चालू केला. दोन्ही वेळा विनोदरावांनी तो शोधून बंद केला. “हे आपोआप कसं चालू होतं? बिघडलाय की काय हाही?”

पालखीचा दिवस आला. आता मात्र राजश्रीला अशी युक्ती सुचली की तिची तीच खूश झाली. पालखी नाचत असतानाच फोटो निघाला तर? मग हललेलं सगळं पालखीच्या खात्यावर! ती धावत वाडीच्या तोंडाशी गेली आणि पालखी खांद्यावर घेतलेल्या धाकूला गाठलं.

“भावजी, आमच्या अंगणात नाचवत राहा. थांबू नका!”

“किती येळ, वयनी?”

“फोटो होईपर्यंत.”

“यवढंच ना? बघाच तुमी!” धाकूनं छाती पुढे काढली.

ढोल-ताशे वाजत पालखी अंगणात शिरली. असली नाचली, असली नाचली की माडांनाही भोवळ यावी! विनोदराव भोपळा डोळ्याला लावून तयार.

“धाकू, थांब रे आता! फोटो घेतो.”

धाकूनं राजश्रीकडे बघितलं. राजश्रीनं ‘नको’ अशी मान हलवली. पालखी नाचतच राहिली.

“थांब म्हणतोय ना!”

पालखी नाचतच राहिली. विनोदरावांनाही हट्ट चढला. थांबल्याशिवाय फोटो काढणार नाही! आणि फोटो निघाल्याशिवाय धाकू थांबणार नाही! ताशेवाल्यांचे हात दुखायला लागले. खांदेकरी बदलले, पुन्हा बदलले. धाकू मात्र शब्दाला जागून तसाच, घामानं निथळलेला. पुढच्या घरची ओटी भरायला बसलेली माणसं वाट बघून बघून इथंच आली. मग त्यांच्या पुढच्या घरची आली. अंगणाच्या दगडी गडग्यावर पोरं चढली.

“पालखी हलत न्हाय गो या घरातनं!” कुणीतरी म्हणालं.

“देवी अडून बसली!”

“कायतरी राहिलंय यांचं! नवस-बिवस!”

राजश्री पेचात पडली. आता ‘थांबा’ म्हणावं तर का नाचवली ते सांगावं लागणार! तेवढ्यात पालखीचे मानकरी विठूआजोबा काठी टेकत पुढे आले. देवी अशी अडली की घरच्यांनी मनातलं काय ते बोलून टाकायचं, ही तिथली रीतच. आजोबांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. ढोल थांबले. धाकू जागच्या जागी डुलत राहिला.

“बा म्हाराजा! ह्या घरात काय चुकलंमाकलं असंल...”

“होय म्हाराजा!” सगळं अंगण एका सुरात म्हणालं.

“काय बोलायचं ऱ्हायलं असंल, तर ते आज हितं बोलून मोकळी होऊ दे लेकरां तुजी!”

“होय म्हाराजा!”

सगळे घरच्यांकडे बघायला लागले. गंगुबाई आधी पुढे झाल्या. “डॉक्टरान् गोड बंद केलंय. मी गूळ खाते चोरून.”

पालखी डुलतच होती.

“मी बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याला उगाच नावं ठेवली,” निशिगंधा पुटपुटली.

राजश्रीनं पदर तोंडाला लावला.  तिला दिसलं ते एवढंच, अंगणाच्या मधोमध कॅमेरा धरून उभे असलेले विनोदराव. एकदा लेकीकडे बघत होते, एकदा आईकडे, एकदा बायकोकडे. मग तुळशीजवळच्या टॉवेल घातलेल्या तिकाठीकडे. आणि मग, बऱ्याच वेळानं, स्वतःच्या हाताकडे.

वर्षाचा तो एक फोटो. त्यात सगळं घर असायचं, ते स्वतः कधीच नसायचे.

त्यांनी कॅमेरा खाली केला.

“राजश्री,” ते म्हणाले, “ती तिकाठी आण. टॉवेल काढून.”

ती धावली. त्यांनी कॅमेरा स्टँडवर बसवला, बंद करून ठेवलेलं ते बटण शोधून चालू केलं आणि खाकरले. मग बोटीवर हुकूम सोडायचे तशा खणखणीत आवाजात, सगळ्या वाडीदेखत बोलून टाकलं.

“कॅमेरा चांगला आहे! जुनाही चांगला होता! माझा हात हलतो!”

आणि सवयीनं, एका सुरात, ढोलवाल्यांसकट, गडग्यावरच्या पोरांसकट सगळं अंगण म्हणालं,

“होय म्हाराजा!”