विसाजीपंतांचा दुसरा जन्म

श्रीकुलस्वामी साक्ष. ज्यास घर आहे त्याने घरी बसून ऐकावे, ज्यास नाही त्याने दाराशी बसून ऐकावे. शके सतराशे एक्याऐंशी, सिद्धार्थीनाम संवत्सरी, आश्विनमासी आमचे राज्यातून मूळपुरुष विसाजीपंत बाहेर पडले. राज्य म्हणावे तर तीन खणांचे घर, मागे नारळीचे आगर आणि पुढे खाडी. परंतु त्यास राजा होता, आणि तो पायास भिंगरी घेऊन जन्मला होता. थोरले बंधू महादाजीपंत कारभारी, ते बोलिले, "विसू, जातोस कोठे?" राजे बोलिले, "हा आलोच." आणि गेले. मग बडोद्यास जाऊन एका सरदाराचे देवघरी पूजा केली, आणि तेथून काशीस, आणि काशीहून कराचीस, आणि गलबतावर चढून मस्कतास, आणि मस्कताहून झांजिबारास जाऊन लवंगांचे वखारीत राहिले. जेथे गेले तेथील भाषा शिकले, आणि ती येऊ लागताच कंटाळले. पत्र एकही धाडिले नाही. इकडे राणी सगुणाबाई जेवणवेळी त्यांचा पाट मांडीत, आणि सर्वांची जेवणे जाहली म्हणजे उचलीत.

बारा वर्षे लोटली. मग उपाध्ये येऊन म्हणाले, "बारा वर्षे ज्याची वार्ता नाही तो मेलाच धरावा, ऐसे शास्त्र आहे. त्यास गती द्या." मग पळसाच्या पानांचा विसाजीपंत केला, डोकीस नारळ ठेविला, आणि खाडीचे काठी महादाजीपंतांनी रडत रडत अग्नी दिला. सगुणाबाईंचे कुंकू पुसले, केस उतरविले, आणि पाट माळ्यावर गेला.

पुढचे वर्षी भर दुपारी विसाजीपंत पाणंदीतून चालत आले. शेजारच्या यमुनाकाकू विहिरीवर होत्या, त्या घागर टाकून ओरडल्या, "अगो बाई, पळस चालत आला!" महादाजीपंत धावत आले, परंतु मिठी मारिली नाही, उंबऱ्याआड उभे राहून म्हणाले, "विसू, आत येऊ नको. मी तुझे तेरावे जेविलो आहे." उपाध्यांनी पोथी पाहून सांगितले की उपाय आहे, फिरून जन्मावे लागेल. मग पिकल्या दाढीचे राजे तान्हे जाहले. तुपाने माखून न्हाऊ घातले, बारसे केले, मुंज लाविली. राहिले लग्न. वधू तीच.

तेव्हा सगुणाबाई माजघराचे दाराआडून बोलल्या, "भटजी, ह्यांचा जन्म जाहला. माझे केस?" उपाध्ये पोथी चाळू लागले. मग त्याच बोलल्या, "केस अंबाड्यास पुरेतोवर ह्यांनी ओटीवर बसावे. अंगण सोडून गेले, तर मी पळसाचीच विधवा."

मग विसाजीपंत ओटीवर बसले. समोर गलबतांची शिडे जात, आणि बसल्या जागी त्यांचे पाय हालत. जाणारे विचारीत, "काय नवरदेव, मुहूर्त कधीचा?" ते म्हणत, "वधूस पुसा." ताट ओटीवर येई, आणणारी बोलत नसे. एकदा तेच म्हणाले, "सगुणे, तिकडे मला कोणी ओळखीत नव्हते." ती बोलली, "आणि इकडे मला?" ताट ठेविले आणि आत गेली. त्या दिवसापासून पाय हालावयाचे राहिले. दोन पावसाळे गेले. मग एके सकाळी माळ्यावरचा पाट खाली आला, धुतला, आणि माजघरात मांडिला. अंबाडा लहानच होता. त्यावर अबोली होती. लग्न त्याच दिवशी लागले.

एवंच, आमचा वंश त्या दुसऱ्या लग्नाचा. भिंगरी मात्र पहिल्या जन्मातली, ती पिढ्यान्‌पिढ्या उतरली. शेवटले राजे, आमचे तीर्थरूप, जहाजावर आयुष्य काढून घरी आले, आणि गेल्या कार्तिकात दवाखान्यात नेताना "हा आलोच" म्हणाले. त्यांचे दहन कन्येने केले. पळस नव्हता; देह खरा होता. त्यास पोथीत उपाय नाही.

पाट मांडिला जातो. जेवणे जाहली म्हणजे उचलिला जातो. जेवणारी एकच असते.