माहेरच्या विहिरीतली ठमाबाई

पंचफुलाबाईंनी हाक मारली आणि ज्याला मारली तो आला नाही, असं रामदासपेठेत अजून घडलं नव्हतं. दूधवाला वळणावरून मागे फिरायचा. रिक्षावाला गिऱ्हाइकासकट थांबायचा. तेव्हा माहेरच्या विहिरीतलं कासव आपल्या एका हाकेसरशी वर येईल, हे त्यांनी पानावर बसल्या बसल्या सांगितलं, वरणात मीठ कमी आहे असं सांगावं तितक्या सहज.

विषय भाच्याने काढला होता. चंद्रभान संत्री घेऊन बाजारात आला की आत्याकडे जेवून जायचा. बोलता बोलता तो म्हणाला, की विहिरीचा गाळ काढून मोटर बसवायची आहे अन् वरून सिमेंटची लादी टाकायची आहे.

"अन् ठमाबाई?" पंचफुलाबाईंचा घास हातातच राहिला.

ठमाबाई म्हणजे कासव. पंचफुला पाळण्यात होती त्या वर्षी बापाने ते कन्हान नदीतून आणून विहिरीत सोडलं. कासव किडे खातं, शेवाळ खातं, पाणी निवळ ठेवतं. त्या मुलखात कासव नसलेल्या विहिरीचं पाणी पाहुण्याला द्यायला लोक कचरायचे. पंचफुला परकर नेसायला लागली तेव्हापासून भाकरीचा काठ विहिरीत टाकून "ठमेऽ" म्हणून ओरडायची, आणि खालून अंगठ्याएवढं डोकं वर यायचं. पाठवणीच्या वेळी सगळ्यांच्या गळ्यात पडून झाल्यावर पोरगी दिसेना, तेव्हा ती विहिरीच्या काठावर सापडली.

पुढे बाप गेला, माय गेली, भाऊ गेला. आता माहेरी गेलं की चंद्रभानची बायको फडताळातली खास पाहुण्यांची कपबशी काढायची. चहा चांगला असायचा. पण ती कपबशी पाहिली की पंचफुलाबाईंना तो घशाखाली उतरत नसे. त्या घरात त्यांचा आवाज ओळखणारं एकच उरलं होतं, आणि ते विहिरीत होतं.

यातलं त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी येते अन् घेऊन जाते तिले. तुमच्या मोटरीत तिची चटणी नाही होऊ द्यायची मले."

घरमालकीण चारुशीलाताई तुळशीलासुद्धा उकळलेलं पाणी घालणाऱ्यातल्या. पण कासव डासांच्या अळ्या खातं हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, म्हणून अंगणातल्या विहिरीत ते सोडायला त्यांनी परवानगी दिली.

माहेरी विहिरीभोवती अर्धं गाव जमलं. पंचफुलाबाईंचे चिरंजीव मनोहरराव ऑफिसला दांडी मारून आले होते. चंद्रभानने टोपलीत भाकरी घालून दोराने खाली सोडली, सवयीने जिभेचं टक् टक् केलं. पंचफुलाबाई काठावर ओणवल्या आणि त्यांनी हाक मारली. पाणी हललं. एक नाकाड वर आलं, टोपलीत शिरलं आणि टोपली वर आली.

आत जेवणाच्या ताटलीएवढं कासव.

मनोहरराव सदर भागातल्या ऑफिसात नकाशे मोजणारे. ते म्हणाले, "माय, तू तर परातीएवढी सांगत होती."

"म्हातारपनी जीव आटते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मी काय होती अन् आता काय हाय, पाह्य ना."

आणि त्या रडल्या. नवरा गेला तेव्हा चारचौघांत डोळ्याला पदर न लावणारी बाई कासव छातीशी धरून हमसून हमसून रडली. चंद्रभानने तोंड उघडलं होतं. त्याने ते मिटून घेतलं.

परतीच्या एस.टी.त कासव पातेल्यासारख्या पितळी गंजात, वर ओलं फडकं. शेजारी बसलेल्या रंभाबाई नावाच्या बाईने विचारलं, गंजात काय आहे. "माझ्या माहेरचं मानूस हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. रंभाबाईने फडकं उचललं, आत पाहिलं आणि हात जोडले. महादेवापुढच्या कासवाला हात लावल्याशिवाय आपण गाभाऱ्यात जात नाही, आणि इथे तर जिवंत. मागच्या बाकावरून कुंकू आलं, पुढच्या बाकावरून संत्री आली. कुठल्या देवळात बसवता, असं रंभाबाईने विचारलं. देवळात नाही, माझ्याच घरी, असं म्हणून पंचफुलाबाईंनी लाल फाटकासकट सगळा पत्ता सांगून टाकला. आपल्या माहेरच्या माणसाला कोणी एवढा मान देतंय म्हटल्यावर त्यांनी नको तरी कशाला म्हणायचं!

सोमवारी रंभाबाई चार बायका घेऊन आली. पुढच्या सोमवारी फाटकाबाहेर चपलांचा बाजार भरला. विहिरीत बेल पडला, फुलं पडली, दूध पडलं, तांदूळ पडले. जे कासव पाणी स्वच्छ करायला आणलं, त्याच्याचमुळे पाण्याला शिळ्या पंचामृताचा वास येऊ लागला. चारुशीलाताईंनी ते उकळलं तर त्याची खीर झाली. त्यांनी मनोहररावांना बोलावून शांतपणे सांगितलं, की रविवारपर्यंत एक तर कासव जाईल, नाही तर भाडेकरू.

पण पंचफुलाबाईंचं दुखणं वेगळंच होतं. रोज सकाळी त्या काठावर उभ्या राहून हाक मारायच्या आणि कासव येत नव्हतं. कधी आपल्या मर्जीने वर यायचं, ऊन खायचं, त्यांच्याकडे बघून पुन्हा बुडी मारायचं. बायकांना त्या सांगत, रुसली आहे, माहेर सुटलं ना. स्वतःला काय सांगावं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांचा आवाज खाली जायचा आणि रिकाम्या बादलीसारखा वर यायचा.

रविवारी कासव बाहेर काढायला चंद्रभानला बोलावलं. त्याने टोपली सोडली, जिभेचं टक् टक् केलं, आणि पंचफुलाबाई हाक मारायला श्वास घेतात तोच कासव टोपलीत येऊन बसलं.

त्यांनी तो श्वास तसाच सोडला.

"चंद्रभान, तुले कशी वळखते गा ही?"

चंद्रभान दोराच्या गाठीशी खेळत राहिला. मग त्याने सांगितलं. जुनं कासव कित्येक वर्षांत कोणाला दिसलं नव्हतं. मेलं असेल असं धरून त्याने नाल्यातलं हे पिल्लू आणून सोडलं होतं आणि तोच त्याला खाऊ घालत होता.

"मंग त्या दिवशी काहून नाही बोलला?"

"तू रडून राहिली होती, आत्या. मी काय सांगू?"

मग चंद्रभानने उरलेलंही सांगून टाकलं. परवा गाळ काढला तर तळाशी ठमाबाई निघाली. परातीएवढीच, पाठीवर शेवाळाचं रान. लादी पडायची होती, म्हणून बैलगाडीत घालून तिला कन्हानला नेऊन सोडलं.

पंचफुलाबाईंनी विहिरीच्या कठड्यावर हात ठेवला. मग त्यांनी एकच विचारलं.

"मागं पाह्यलं का तिनं?"

"नाही वं. सरळ पान्यात गेली."

"कशाले पाहीन ती," पंचफुलाबाई म्हणाल्या. "माहेरी जाताना कोनी मागं पाहते का?"

चारुशीलाताई गॅलरीतून विचारत होत्या, की मग आता या कासवाचं काय. पंचफुलाबाईंनी गंज मागवला. कोणाच्या तरी नाल्यातून उचललं, कोणाच्या विहिरीत टाकलं, तिथून या विहिरीत. याला कोणी विचारलं होतं? तेही नदीवर जाईल. आणि नेणार त्या स्वतःच, कारण चंद्रभानच्या भरवशावर आता त्या मुंगीसुद्धा सोडणार नव्हत्या.

एस.टी. गाठायला त्या सायकलरिक्षात बसल्या तोवर कुठून तरी कुणकुण लागून रंभाबाई आणि तिच्या बायका येऊन ठेपल्या. देवी कुठे निघाली, म्हणून सगळ्या गोंधळल्या. माहेरी, एवढंच पंचफुलाबाईंनी सांगितलं.

माहेरी जाणारीला हात हलवत कसं जाऊ द्यायचं? कोणी खण आणला, कोणी तांदूळ. रंभाबाईने नारळ आणला. गंजात कासव, त्यावर तांदूळ, त्यावर खण. नारळाला जागाच उरली नाही. रिक्षा हलायच्या घाईत रंभाबाईने तो सरळ पंचफुलाबाईंच्या पदरात ठेवला, आणि मग तिला त्यांच्या उघड्या कपाळाचं भान आलं. नवरा गेल्यापासून त्या पदरात कोणी काही घातलं नव्हतं, आणि घालतही नसतात. रंभाबाईने जीभ चावून नारळ परत घ्यायला हात पुढे केला.

पंचफुलाबाईंनी पदराची गाठ मारून टाकली.

"राहू दे," त्या रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या. "कासवाले नारळ फोडता येते का?"