तेहतीस वानरांचा नेम

श्रीधर पाटोदेकरांनी आयुष्यात शेवटपर्यंत नेलेली गोष्ट एकच, ती म्हणजे नोकरी. आणि तीही वय झालं म्हणून सरकारनं संपवली होती. बाकी सगळा अर्ध्यावरचा कारभार. पेटी तिसऱ्या रागावर थांबली. उर्दू शिकायला गेले ते पाचव्या अक्षरापासून परत फिरले. सिडकोतल्या घराच्या गच्चीला त्यांनी स्वतः द्यायला घेतलेला पांढरा रंग पाण्याच्या टाकीपर्यंत आला आणि चार वर्षं तिथंच राहिला. पाटबंधारे खात्यातल्या निरोप समारंभात साहेब म्हणाले होते, "श्रीधररावांनी सुरू केलेली कामं पुढच्या दोन पिढ्यांना पुरतील!" सगळे खो खो हसले. श्रीधररावही हसले, पण त्या रात्री घरी येऊन जेवले नाहीत.

म्हणून मे महिन्यात पुण्याहून मुलाचा, मिहिरचा, फोन आला तेव्हा त्यांनी कान टवकारले.

"बाबा, आम्ही मित्रांनी एक चॅलेंज काढलंय. तीस दिवस, तीस सिनेमे. रोज एक. प्रत्येकात माकड नाहीतर वानर दिसलाच पाहिजे. यादी मी पाठवतो. येताय का?"

"माकडच का रे?"

"मागच्या वेळी भुतं झाली."

श्रीधररावांनी हो म्हणून टाकलं. अंबिकाबाई भेंडी चिरत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तीन दिवस. चौथ्या दिवशी तुमची मान दुखेल."

ते श्रीधररावांना लागलं. फार लागलं. त्यांनी मनाशी ठरवलं की या वेळी काय वाट्टेल ते होवो, तीसच्या तीस बघायचे आणि शेवटी स्वतःच्या हातानं 'समाप्त' असं लिहायचं. त्यासाठी त्यांनी नवी वही आणली. (नव्या वह्या त्यांच्याकडे सतरा होत्या, प्रत्येकीची चार पानं लिहिलेली.)

रविवारी दुपारी दोन वाजता, जेवण करून, पडदे ओढून त्यांनी पहिला सिनेमा लावला. आजचा एक संपवायचा, एवढाच विचार होता. पण विसाव्या मिनिटाला पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि एका म्हाताऱ्या, तांबूस केसांच्या वानरानं झाडाचं मोठं पान तोडून डोक्यावर धरलं. मग शेजारच्या पिल्लाकडे पाहिलं आणि पान त्याच्या डोक्यावर सरकवलं. स्वतः भिजत बसलं. श्रीधरराव खुर्चीत पुढे सरकले. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात वानर म्हणजे वेरूळला गेलं की हातातली भजी पळवणारं जनावर, एवढीच त्यांची ओळख. त्यांनी वहीत लिहिलं, "१. वानर एक. फार मोठ्या मनाचं."

चौथ्या दिवशी त्यांची मान खरंच दुखली. त्यांनी मानेला पट्टा बांधला आणि सिनेमा लावला. अंबिकाबाईंनी पट्ट्याकडे एकदा पाहिलं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या गयाबाई आल्या. गयाबाई मूळच्या गंगापूरकडच्या. लेकाकडे राहायला आल्यापासून गल्लीतली सगळी व्रतवैकल्यं त्यांच्याच अखत्यारीत होती. आणि रविवारी सुरू झालेला महिना नेमका धोंड्याचा निघाला होता! तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना. या महिन्यात ज्यानं त्यानं काही ना काही नेम धरायचा असतो, हे मिहिरच्या मित्रांना कुठून ठाऊक असणार?

"आख्ख्या गल्लीनं काहीतरी धरलंय," गयाबाई म्हणाल्या. "कुणी एकभुक्त, कुणी मौन. तुमी काय धरलंय वहिनी?"

अंबिकाबाईंनी काहीच धरलं नव्हतं. पण गयाबाईंसमोर 'नाही' म्हणायचं म्हणजे सकाळपर्यंत ते दूधवाल्यालाही कळणार. त्या चटकन म्हणाल्या, "मी नाही, ह्यांनी धरलंय."

"आँ? काय धरलं?"

"वानरांचं. तीस दिवस, रोज एक. खंड पडू द्यायचा नाही."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. गयाबाईंचे हात आपोआप जोडले गेले. "आगं माय! मारुतीरायाचं! आन् तेबी पुरुषमाणसानं! साहेब तं लई मोठे निघाले वो."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता गयाबाई चार जणींना घेऊन हजर झाल्या. दाराबाहेर चपला काढल्या, कापूस आणि वाती वळायचं साहित्य मांडलं आणि सतरंजीवर बसल्या. श्रीधररावांना वाटलं, हिच्याकडे आल्या असतील. तोवर पडद्यावर टाय लावलेलं एक चिंपांझी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर येऊन बसलं. पाचही जणींनी नमस्कार केला.

"टाय कामून लावलाय?" एकीनं हळूच विचारलं.

"त्यांच्यातलं सोवळं असंल," गयाबाई म्हणाल्या.

श्रीधररावांनी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला गाठलं. "हा काय प्रकार आहे?"

"प्रकार काही नाही. बसल्यात बिचाऱ्या. तुम्ही तुमचं बघा. आणि खंड पाडू नका, माझी लाज जाईल." अंबिकाबाईंनी तेवढं बोलून पाच कप चहा टाकला.

आठवड्याभरात ही बातमी समोरच्या राजेंद्र साळवे सरांपर्यंत गेली. साळवे सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरात सकाळी बुद्धवंदना व्हायची आणि व्रतं, नवस, उपासतापास यांना उंबऱ्याच्या आत मज्जाव होता. ते तडक निषेध नोंदवायला आले. "श्रीधरराव, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं..." एवढं बोलून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथं एक गोरिला आई आपलं मेलेलं पिल्लू पाठीवर घेऊन तिसऱ्या दिवशीही चालत होती. साळवे सरांचं वाक्य तिथंच राहिलं. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसला आणि सिनेमा संपेपर्यंत उठले नाहीत. संपल्यावर मात्र घसा खाकरून म्हणाले, "एक लक्षात घ्या. हे माकड नव्हे. शेपूट कुठाय? हा कपी आहे."

गयाबाई काळजीत पडल्या. "शेपूट नसंल तं दर्शन पावतं का वो सर?"

"दर्शन नाही बाई, निरीक्षण!"

"व्हय, तेच की."

दुसऱ्या दिवसापासून साळवे सर टिपणवही घेऊन मागच्या खुर्चीवर यायला लागले.

बाराव्या दिवशी मिहिरचा फोन. "बाबा, तुम्ही अजून बघताय? अहो, सगळे गळाले! मी स्वतः पाचव्या दिवशी सोडलं. ग्रुपवर तुमचेच मेसेज येतायत, 'दहावा, वानर दोन, स्वभाव रागीट' वगैरे. तुम्ही जिंकलात! थांबा आता."

एरवी श्रीधररावांनी अशा फोनची आयुष्यभर वाट पाहिली असती. थांबायला असं शिक्कामोर्तब झालेलं कारण त्यांना कधी मिळालं नव्हतं. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. चपलांचे चौदा जोड होते.

"थांबता येत नाही रे," ते म्हणाले.

"का?"

"खंड पडेल."

मग मिहिर एकदम हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही खरंच पूर्ण करणार?" त्या आवाजातलं आश्चर्य श्रीधररावांना इतकं गोड लागलं की त्यांनी संध्याकाळी पुन्हा मुद्दाम फोन करून हवापाण्याची चौकशी केली.

पण विसाव्या दिवशी गयाबाईंनी बॉम्ब टाकला. "साहेब, धोंड्यात तीसला कोण इचारतं? अनारसे तेहतीस, बत्तासे तेहतीस, वाण तेहतीस. वानरबी तेहतीस लागतील."

"अहो, यादीच तीसची आहे!"

"यादी कुनी केली?"

"मुलानं."

"त्याला काय कळतं? लेकरू हाय ते."

श्रीधररावांनी आशेनं साळवे सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "नमुना जितका मोठा तितकं उत्तम." झालं! मिहिरकडून आणखी तीन सिनेमे मागवले. तीन दिवस दोन-दोन बघितले. त्या दिवसांत श्रीधररावांच्या स्वप्नातही झाडं हलत होती.

एक अडचण मात्र सुरुवातीपासूनच होती. सिनेमे परदेशी, भाषा परक्या, खाली इंग्रजी अक्षरं. बायकांना ती वाचता येईनात, म्हणून श्रीधरराव मोठ्यानं मराठीत सांगायला लागले. अक्षरं भराभर पळायची, मग सुटलेला भाग ते पदरचा घालायचे. बर्फात गरम पाण्याच्या कुंडात डोळे मिटून बसलेली माकडं एकही शब्द बोलत नव्हती, तरी श्रीधररावांनी त्यांच्यात सासू-सुनेचा चांगला अर्ध्या तासाचा संवाद रंगवला. बायका डोळ्यांना पदर लावून हसल्या. अंबिकाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाला एवढं बोलता येतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

तेहतिसाव्या सिनेमाला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यात अनारशांची परात झाकून ठेवलेली. सिनेमा कुठल्या भाषेतला ते साळवे सरांनाही ओळखता आलं नाही. एक म्हातारा नावाडी. त्यानं लहानपणापासून पोसलेलं एक माकड. माकड मोठं झालंय, त्याला रानात सोडायला हवं. म्हातारा त्याला नदीपलीकडच्या जंगलात सोडतो आणि एकटा परत वल्हवायला लागतो. माकड काठाकाठानं धावतंय. नदी रुंद होत जातेय. म्हातारा मागे बघत नाही. शेवटी माकड एका वाकलेल्या फांदीच्या टोकावर येतं, खाली पाण्याकडे बघतं, अंग आवळतं...

आणि लाईट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. "आता वं बया!" कुणीतरी म्हणालं. एक बाई वायरमनला फोन लावून आली. तार तुटली होती, दोन तास तरी लागणार होते. गयाबाईंचा चेहरा पडला. "शेवटच्याच दिवशी इघ्न? साहेब, माकड फांदीला तसंच लटकवून घरी कसं जावं?"

श्रीधररावांनी मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. बत्तीस झाले आणि तेहतिसावा अर्ध्यावर! म्हणजे शेवटी आपण तेच. सतरा वह्या, तीन राग, पाच अक्षरं. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. आणि महिनाभराच्या सवयीनं त्यांचं तोंड आपोआप सुरू झालं.

"माकडानं उडी मारली," ते म्हणाले.

हॉलमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"म्हाताऱ्याला आवाज आला. त्यानं आयुष्यात कधी मागं वळून पाहिलं नव्हतं. जे सोडलं ते सोडलं, असा त्याचा खाक्या. पण या वेळी त्याला वाटलं, हे एवढं तरी अर्ध्यावर टाकायचं नाही. त्यानं नाव वळवली. धार उलटी. वल्ही मारून मारून हात सोलले. सूर्य कलला तसा तो फांदीखाली पोचला. बघतो तर पाण्यात कुणीच नाही."

"अरे देवा," गयाबाई पुटपुटल्या.

"मग काय झालं?" हे मात्र साळवे सर होते. त्यांची वही खाली पडली होती.

"वर पाहिलं. झाडावर चाळीस माकडं बसली होती. आणि त्यांच्या मधोमध, ओलंचिंब, त्याचं. एक म्हातारी माकडीण त्याचं अंग पुसत होती. त्यानं खाली पाहिलं. म्हाताऱ्यानं हात पुढे केला. माकड आलं नाही. नुसतं बघत राहिलं. मग म्हाताऱ्याला कळलं, की आपण धरलेलं काम आज पुरं झालं. तो नावेत बसून रडला, आणि रडता रडता हसला, आणि नाव धारेला सोडून दिली. समाप्त."

साळवे सर खिडकीबाहेर बघत होते. गयाबाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. श्रीधररावांनी घाबरून बायकोकडे पाहिलं. अंबिकाबाई दाराला टेकून अशा बघत होत्या, जणू हा माणूस आज पहिल्यांदाच घरात आलाय.

"हे कुठून आणलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"देवाशपथ, मला माहीत नाही," श्रीधरराव म्हणाले, आणि ते खरं होतं.

साडेपाचला लाईट आली. कुणीही उठून गेलं नव्हतं. राहिलेला सिनेमा लावला. माकडानं उडी मारली, पोहत नावेत आलं, अंग झटकलं आणि केळं खाल्लं. खेळ खलास.

"हे सिनेमावाल्याला नीट जमलं नाय," गयाबाई म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं तेच खरं." साळवे सरांनीही मान डोलावली.

श्रीधररावांनी वही उघडली. 'तेहतीस' असं अक्षरी लिहिलं, त्यापुढे 'समाप्त' लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी फोटो काढून मिहिरला पाठवला. मिहिरनं उत्तरात काही लिहिलं नाही, पुण्याहून सरळ फोन केला आणि "बाबा!" एवढंच म्हणून थांबला. श्रीधररावांनी त्याला 'समाप्त' मोठ्यानं वाचून दाखवलं.

मग गयाबाईंनी परातीवरचं फडकं काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "पहिला अधिक तं लई झकास झाला. आता चार राह्यले."

"चार काय?" श्रीधररावांनी विचारलं.

"आवो, असला नेम एकदा धरला की पाच अधिक करावा लागतो. दर तीन सालाला एक. नायतं केलेलं वाया जातं."

श्रीधररावांनी मनात हिशेब केला. चार त्रिक बारा. एकसष्ट आणि बारा, त्र्याहत्तर. ते वळले. "साळवे सर, तुम्ही तरी सांगा यांना!"

साळवे सर गंभीरपणे म्हणाले, "शास्त्राच्या दृष्टीनं बाई बरोबर बोलतायत. एका निरीक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही. किमान पाच तरी हवीत."

श्रीधररावांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात अंबिकाबाई पदर खोचून पुढे आल्या आणि भरल्या हॉलमध्ये, ताठ मानेनं म्हणाल्या, "काळजी नको गयाबाई. करतील ते. आमच्या ह्यांनी एकदा धरलं, की सोडायचं नाव नसतं."

असं वाक्य श्रीधररावांनी त्या तोंडून पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आता ते खोटं पाडायचं म्हणजे कुणाची छाती होती? त्यांनी उघडलेल्या तोंडात मुकाट्यानं एक अनारसा घातला आणि सगळ्यांना हात जोडले.