दाराचं 'उघड'

आमच्या इमारतीची लिफ्ट माझ्या थोरल्याच्या कंपनीने शहाणी करायला घेतली. मी चौथी शिकलेली. पण त्याने समजावलं तेवढं कळलं. लिफ्टचा प्रोग्राम तुकड्यातुकड्यांचा. कुठला तुकडा काय करू शकतो, हे त्यांच्या प्रोग्रामच्या भाषेत आधी तपासत नाहीत. चालू झाल्यावर त्यालाच विचारतात.

"म्हणजे लग्न लागल्यावर नवरा कोण ते बघायचं?"

"आई, त्याला लवचिकता म्हणतात."

दाराच्या तुकड्यापाशी 'उघड' आणि 'मीट' ही दोन कामं नावानिशी असलीच पाहिजेत. नसली तर लिफ्ट जागची हलणार नाही, असा चोख नियम. उद्घाटनाच्या सकाळी कळलं, 'उघड' लिहायचंच राहिलंय. थोरल्याने नाव लिहिलं, आत काहीच लिहिलं नाही. तपासणी पास!

पहिल्या फेरीचा मान वयाने मोठे म्हणून आमच्या ह्यांना. खालचं दार उद्घाटनासाठी उघडंच ठेवलेलं; हे आत शिरले आणि 'मीट'ने ते चोख मिटलं. दम्याचा पंप घरीच विसरले, म्हणून तो घेऊन मी आमच्या चौथ्या मजल्यावर उभी. लिफ्ट आली, थांबली. दार ढिम्म.

"अगं, धाप लागलीय!" आतून आवाज.

थोरला लॅपटॉप घेऊन धावत आला. "आई, सगळं हिरवं दाखवतंय."

"हिरवं असू दे, तुझा बाप निळा पडतोय! 'उघड' आहे ना?"

"आहे."

"मग उघडत का नाही?"

"ते करतं काय, हे तपासणीच्या कक्षेत येत नाही."

सोसायटीच्या सेक्रेटरींनी खुलासा केला, "नोंदीप्रमाणे दार उघडू शकतं. म्हणजे आत कोणी अडकलेलं नाही. मेकॅनिक कशाच्या आधारे बोलवू?"

"मग खोकतंय कोण?"

"त्याची स्वतंत्र नोंद घेऊ."

मी वॉचमनकडून पहार मागवली.

"आई, पहारीपाशी 'उघड' नाही," थोरला म्हणाला.

"नसू दे. तिला टोक आहे."

फटीत पहार घातली, पण माझ्या एकटीचा जोर पुरेना. वळून पाहिलं. चाळीस शेजारी. शेजारी आहेत? आहेत. हात आहेत? प्रत्येकी दोन. सगळ्या हातांत फोन, फोन वर धरलेले. शेवटी थोरल्यालाच लाज वाटली; लॅपटॉप जमिनीवर ठेवून त्याने रेटा दिला. चार बोटं फट पडली. तेवढ्यातून पंप आत सरकवला, तेव्हा ह्यांचा श्वास परत आला.

त्या फोनांतलं चित्रण तुमच्यापर्यंतही पोचलं म्हणे. तुम्ही खाली "फार वाईट वाटलं" असं लिहून पुढचं बघायला गेलात. कळवळा आहे? आहे. नावानिशी आहे. जा, पास झालात.