नळासकट पाच वर्षं

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही; लिहिणं म्हणजे रजेचा अर्ज, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यात शिंगोटे काका माझ्याहून तीसएक वर्षांनी मोठे, आणि मी त्यांना थोडं हसणार आहे. त्याबद्दल माफी असावी. हा कागद त्यांच्या हाती पडलाच तर ते वाचणार नाहीत. आधी त्याच्यावर नाणं वाजवून बघतील.

कारण ते सगळंच वाजवून बघतात. इथे आखातात, नजमा वस्तीतल्या आमच्या भाड्याच्या घरी ते दर शुक्रवारी जेवायला येतात. दारात चपला काढल्या की खिशातून पन्नास दिरहमचं, म्हणजे अर्ध्या रियालचं, नाणं निघतं आणि काका वाकून दारापासून ताटापर्यंतची एकेक फरशी वाजवत येतात. मान तिरकी, डोळे मिटलेले. "पोकळ," ते म्हणतात. पुढची. "ही बी पोकळ." आई ताट वाढून उभी असते. वडील दर वेळी सांगतात की घर आपलं नाही, मालकाचं आहे. त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर असतं, "फरशी मालकाची आसंल, पाव्हणं, पाय तुमचाच मोडंल."

काका मूळचे फरशी बसवणारे. संगमनेरकडचे. हल्ली ते इथल्या लुसैल शहरातल्या नव्या इमारतींत तक्रारी बघणाऱ्या टोळीत आहेत. लोक फ्लॅट घेतात, राहायला येतात, मग कुठे फरशी उचलते, कुठे दार घासतं. काका जातात, वाजवतात आणि साहेबाला सांगतात, हे वॉरंटीत बसतं की नाही. बहुधा बसत नाही. या कामाने त्यांना एक वाक्य दिलं आणि ते त्यांनी आयुष्यभराला लावून टाकलं. मला गणितात कमी मार्क पडले, तेव्हा ते माझी पाठ थोपटून म्हणाले, "वॉरंटीत बसत न्हाई." आईच्या हातून आमटी खारट झाली, बसत नाही. स्वतःच्या गुडघ्याबद्दलही त्यांचा निकाल तोच. पन्नाशीनंतर वापराने झालेली झीज.

घर घेणाऱ्यांची त्यांना फार कीव येते. पुण्याच्या एका इंजिनिअर साहेबांची गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे, की ते साहेब मला नातलग वाटू लागले आहेत. साहेबांनी लुसैलला फ्लॅट घेतला. ताबा घ्यायला आले तेव्हा हातात वॉरंटीची फाइल, तिला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. दाराच्या मुठीला किती वर्षं, बिजागरीला किती, हे विचारण्यात त्यांनी तासभर घालवला. तेवढ्या वेळात त्यांच्या बायकोने बेडरूममध्ये जाऊन पाहिलं, तर खिडकीच उघडेना. तिने हाक मारून सांगितलं. साहेब फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, असू दे, ते वॉरंटीत आहे.

"गिऱ्हाईकाच्या हातात कागद दिला की ते घर बघायचं सोडतं," काका म्हणतात. आणि हसतात.

मग स्वतःचं घर घेताना काकांनी काय केलं असेल?

फ्लॅट सिन्नरला घेतला. महिनाभराची रजा होती, त्यातले वीस दिवस ते बिल्डरच्या ऑफिसात बसले. प्रत्येक फरशी वाजवली. बिल्डरने छापील वॉरंटी पुढे केली, ती त्यांना पुरली नाही. समासात हाताने लिहून घेतलं: कड्या, खिडक्या, नळ, सगळं पाच वर्षं. त्यावर सही, शिक्का, दोन साक्षीदार. मग त्या कागदाला प्लास्टिकचं आवरण चढवून घेतलं. इकडे त्यांच्या खोलीत सहा माणसं राहतात. पाच जणांनी उशाशी देवाचे नाहीतर पोराबाळांचे फोटो लावले आहेत. काकांच्या उशाशी वॉरंटी. कोणीही विचारलं की छाती काढून सांगायचे, "नळासकट पाच वर्षं. लेखी."

त्या कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या. काकूंना मात्र घर घेतलंय हेच माहीत नव्हतं. रजेच्या शेवटच्या दिवशी काकांनी गावच्या घरी जाऊन किल्ली त्यांच्या हातात ठेवली. काकूंनी ती खिळ्याला अडकवली. "घर तुम्ही बघितलं, तुम्ही घेतलं, तुम्हीच ऱ्हावा," एवढंच म्हणाल्या.

त्याला चार वर्षं झाली. किल्ली खिळ्यावरच होती, आणि त्या कुलूपबंद घरात एक न उघडलेला नळ वॉरंटीतून हळूहळू बाहेर चालला होता.

एका शुक्रवारी काका तो कागद घेऊनच आले. "तू कालिजात जातो. विंग्रजी वाच. वर्षं वाढवून मिळत्यात का बघ." मी अडखळत वाचलं. चुकलं तर काय, या भीतीने दोनदा वाचलं. मुदत ताब्याच्या दिवसापासून, कोणी राहो न राहो. आणि मालकाने घरात काही तोडफोड केली तर वॉरंटी रद्द. "तोडतोय कोण," काका म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "भाऊजी, वहिनींना ते घर कसं वाटतं, विचारलंत का कधी?"

"त्यात इचारायचं काय? सगळं वाजवून घेतलंय."

आईने त्यांच्या ताटात आणखी आमटी वाढली.

पण काकांनी विचारलं असावं. पुढच्या शुक्रवारी नाणं निघालं नाही, फोन निघाला. काकू पहिल्यांदाच सिन्नरला जाऊन घर बघून आल्या होत्या आणि त्यांनी यादी पाठवली होती. काका वाचत गेले, सवयीने निकालही देत गेले. देवघराला जागा नाही. बसत न्हाई. खिडकीतून समोरच्यांचा संडास दिसतो. बसत न्हाई. शेजारी ओळखीचं कोणी नाही. बसत न्हाई. मग आलं, ओटा उंच आहे, भाकरी थापायला मला पाटावर उभं राहावं लागेल.

तिथे ते थांबले. हात आपल्या छातीशी आडवा धरला, जरा वर नेला, पुन्हा खाली आणला. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली. त्यातली जवळपास सगळी इकडेच गेलेली.

"लुसैलचा एकेक ओटा मला तोंडपाठ हाये," ते म्हणाले. "हिची उंची न्हाई ठाऊक."

पुढच्या रजेत काका हातोडा घेऊन सिन्नरला गेले. ओटा स्वतः फोडला, चार इंच खाली घेतला, ग्रॅनाइट पुन्हा बसवला. आवाज ऐकून बिल्डरचा माणूस आला, फोटो काढून गेला, आणि दोन दिवसांत पत्र आलं. वॉरंटी खलास. काकू गावाहून येऊन ओट्यापुढे उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे त्यावर टेकवले आणि म्हणाल्या, "बघू." त्या एका 'बघू'वर काका विमानात बसले.

त्यानंतर तीन महिने नाणं खिशातच राहिलं. उशाजवळची भिंत रिकामी झाली. वडिलांना राहवलं नाही. "भाऊसाहेब, वॉरंटी पण गेली आणि वहिनी पण हलेनात. आता काय वाजवणार?" काका हसले, पण उशिरा.

परवाच्या शुक्रवारी जेवताना त्यांचा फोन वाजला. काकूंनी आवाजातला निरोप पाठवला होता. हात खरकटा, म्हणून काकांनी तो मला मोठ्याने लावायला सांगितला.

"सैपाकघरातला नळ सकाळधरनं गळतोय. खाली पातेलं लावलंय. बिल्डरचा माणूस येऊन गेला, म्हणतो वॉरंटीत बसत न्हाई. तुम्ही कधी येताय?"

वडील बिल्डरच्या नावाने सुरू होणार, तोच काकांनी डावा हात वर केला. पुन्हा लाव, अशी मला खूण केली. मी लावला. काकांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. काकूंच्या मागे पातेल्यात थेंब पडताना ऐकू येत होते.

"वहिनी," काका डोळे न उघडता आईला म्हणाले, "सकाळधरनं म्हणाली ना ती?"

"हो," आई म्हणाली.

"म्हंजी ऱ्हायला आली."